धोका, जोखीम आणि इशारा

पावसाळा सुरू झाला म्हणजे आपल्या वृत्तपत्रांतून ‘रेड अलर्ट’ हे दोन शब्द वारंवार वाचावयास मिळतात. वाचणारास त्यांत कांहीं खटकत नाहीं. परंतु भारतीय हवामानखात्याची रंगांची योजना पाहिली म्हणजे एक घोटाळा ध्यानांत येतो. त्या योजनेंत पिवळ्या रंगास ‘वॉच’, नारिंगी रंगास ‘अलर्ट’ आणि तांबड्या रंगास ‘वॉर्निंग’ असें नांव आहे. पिवळा सांगतो, माहिती घेत राहा. नारिंगी सांगतो, तयारींत राहा. तांबडा सांगतो, आतां हालचाल करा. अर्थात् ‘रेड अलर्ट’ लिहिणारा वार्ताहर रंग एका पायरीचा घेतो आणि नांव दुसरीचें देतो. वाचक घाबरतो खरा, पण घाबरून करावयाचें काय, हें त्यास कळत नाहीं.

परकीय शब्द घेण्यास प्रस्तुत लेखकाची मुळींच हरकत नाहीं. तक्रार एवढीच कीं, शब्दांचा आवाज आपण घेतला आणि त्यांमधील भेद मागेंच ठेवला. इंग्रजींत या जातीच्या प्रत्येक शब्दाचें कुळ निराळें आहे. ‘डेंजर’ हा शब्द धन्याच्या सत्तेचा वाचक. एखाद्याच्या ‘डेंजर’मध्यें असणें म्हणजे त्याच्या तावडींत असणें. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकाच्या न्यायसभेंत तो याच जुन्या अर्थानें आला आहे. ‘हॅझर्ड’ हें मूळचें फांशांच्या एका खेळाचें नांव. ‘थ्रेट’ म्हणजे जुन्या इंग्रजींत जमाव. जमावाच्या दाबावरून पुढें धमकी. ‘अलर्ट’ हा इटालियन पहारेकऱ्यांचा शब्द. आजच्या शास्त्रीय लेखनांत ‘हॅझर्ड’ म्हणजे येऊं शकणारें संकट; आणि त्या संकटापुढें आपलें काय, किती व कोणत्या अवस्थेंत उभें आहे, यावरून काढलेला हानीचा अंदाज म्हणजे ‘रिस्क’. मराठींत या दोहोंसही आपण ‘धोका’ म्हणून मोकळे होतों.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा आहे असें कोणास वाटेल, तर त्यानें निलंग्याकडील एखाद्या वृद्धास विचारावें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. त्याचें परिमाण ६.२ च्या सुमाराचें होतें. लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ८,००० ते १०,००० माणसें गेलीं. याच परिमाणाचे भूकंप इतरत्र पुष्कळदां थोड्या हानीवर निभावतात. आदल्या वर्षीं, १९९२ मध्यें, त्या परिसरास लहान धक्के जाणवलेही होते. परंतु तत्कालीन भूकंपनकाशांत हा मुलूख पांच वर्गांपैकी सर्वांत सौम्य अशा पहिल्या वर्गांत होता. २००२ च्या आवृत्तींत त्यास तिसरा वर्ग मिळाला.

नकाशा बोलत होता तो जमिनीविषयीं. भिंतींविषयीं तो मुका होता. मातींत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, आणि वर मातीचा जाड थर घातलेलें लाकडी माळवद! उन्हाळ्यांत ज्या घरानें गारवा दिला, तेंच त्या पहाटे निजलेल्या माणसांच्या अंगावर आलें. भूकंप हें संकट होतें. माळवद ही जोखीम होती. संकट टाळणें कोणाच्याच हातीं नव्हतें, जोखीम कमी करणें मात्र अगदीं अशक्य नव्हतें. ‘येथें धोका कमी’ असें एकच उत्तर पुरेसें मानलें, म्हणजे भिंतींचा प्रश्न विचारावयाचाच राहून जातो.

आणि ‘जोखीम’ हा शब्द कांहीं इंग्रजींतून आणावयास नको. प्रवासांत बरोबर घेतलेल्या दागिन्यांस व रोकडीस आपल्याकडील वडीलधारीं माणसें ‘जोखीम’च म्हणत. चोर वाटेंत असेल वा नसेल. बुडण्यासारखें आपल्यापाशीं काय आहे, यावर त्या शब्दाचें लक्ष असे. शास्त्रज्ञांच्या ‘रिस्क’चें अर्धें मर्म आपल्या आज्यांच्या बोलण्यांत आधींच होतें.

दुसरा घोटाळा ‘इशारा’ या शब्दाचा. एकाच पानावर ‘मुसळधार पावसाचा इशारा’ आणि ‘आंदोलनाचा इशारा’ असे दोन मथळे शेजारीं शेजारीं असतात. पहिला हितासाठीं दिलेली सूचना आहे, दुसऱ्यांत पुष्कळदां धमकीच सौम्य वेषांत उभी असते. ‘खबरदार’ या फारसी शब्दाची गतही अशीच झाली. मूळ अर्थ, ज्यास खबर आहे तो, म्हणजे सावध मनुष्य. पण आज मराठींत ‘खबरदार!’ ऐकतांच मनुष्य सावध होण्याऐवजीं भांडणास उभा राहतो. सूचना आणि दरडावणी कानास सारखीच लागूं लागली, कीं लोक दोहोंकडेही काणाडोळा करूं लागतात.

कोणी म्हणेल, जमीन हादरूं लागल्यावर शब्दकोश कोण उघडतो? कोणीच नाहीं, म्हणूनच हे अर्थ शांततेच्या दिवसांत पक्के झाले पाहिजेत. येणारें तें संकट, आपण मांडून ठेवलेली ती जोखीम, हितासाठीं दिलेला तो इशारा आणि भिवविण्यासाठीं दिलेली ती धमकी, एवढे चार भेद शाळेच्या पुस्तकांनीं व वृत्तपत्रांनीं पाळले तरी पुष्कळ झालें. मग ‘रेड’ शब्द राहिला तरी चालेल. त्याच्या पुढें, कोणीं काय करावें, हें मात्र स्वच्छ मराठींत लिहिलेलें असावें.