पलायन आणि रिकामपण : रंजनपर साहित्याच्या तरुण वाचकाविषयी

१

मराठी समीक्षेतील काही संज्ञा विचाराला चालना देण्याऐवजी निवाडा देण्यासाठीच वापरल्या जातात. ‘पलायन’ ही त्यांपैकी एक होय. लोकप्रिय कादंबरी, प्रेमकथेवर बेतलेला चित्रपट, आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील मिनिटभराची विनोदी चित्रफीत यांकडे तरुण वर्ग का वळतो, या प्रश्नाला ‘तो वास्तवापासून पळ काढतो’ असे उत्तर एकदा दिले की चर्चा संपते. वस्तुतः चर्चेला तेथून आरंभ व्हावयास हवा. पळणारा कोठून पळतो, कोठे पोचतो, आणि ज्या वास्तवाला त्याने सामोरे जावे अशी अपेक्षा बाळगली जाते त्या वास्तवाने त्याच्यापासून काय हिरावून घेतले आहे, हे प्रश्न या संज्ञेच्या वापरात सहसा उपस्थितच होत नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांतील तरुण पिढीचा संदर्भ समोर ठेवला असता या संज्ञेची मर्यादा विशेष स्पष्ट होते. त्या संदर्भातून ‘कोसला’ (१९६३), ‘दुनियादारी’ (१९८२) आणि ‘सैराट’ (२०१६) या तीन कृतींकडे पाहून तिची फेरतपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

रंजन आणि बोध यांची फारकत मराठी परंपरेत मुळापासून नव्हती. ज्या अंबाजोगाईशी मुकुंदराजांचे आणि ‘विवेकसिंधू’चे नाव परंपरेने जोडले जाते, त्या परिसरात कीर्तन, भारूड आणि सप्ताह यांची प्रथा आजही टिकून आहे. कीर्तनातील आख्यान श्रोत्याला हसविते, खिळवून ठेवते आणि त्याच ओघात विचारापर्यंत नेते. हसणारा श्रोता संसारातून पळाला, असा आक्षेप तेथे कोणी घेत नाही.

ही फारकत ठळक झाली ती एकोणिसाव्या शतकात, छापील कादंबरीच्या आगमनानंतर. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) या कादंबऱ्यांपासून तीन भिन्न प्रवृत्ती निघतात, अशी मांडणी भालचंद्र नेमाडे यांनी ‘टीकास्वयंवर’मध्ये समाविष्ट असलेल्या कादंबरीविषयक दीर्घ लेखात केली आहे. ‘मुक्तामाला’ प्रवृत्तीच्या माथी कल्पनारम्यतेचा आणि रंजनाचा शिक्का बसला, तो कायमचा. पुढे फडके-खांडेकर यांच्या काळात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद गाजला. त्या वादातही रंजन घेणारा वाचक कोण, त्याच्या दिनक्रमात वाचनाला किती वाव आहे, याची चौकशी फारशी झाली नाही. वाचक हा मध्यमवर्गीय, शिक्षित आणि फावला वेळ असलेला, असे दोन्ही पक्षांनी गृहीतच धरले होते.

पाश्चात्त्य विचारात मात्र या संज्ञेतील संदिग्धता काहींनी उघड केली आहे. जे. आर. आर. टोल्किन यांनी परीकथांवरील आपल्या निबंधात तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगण सोडून पळणारा सैनिक यांत भेद केला. टीकाकार पहिल्याला दुसऱ्याच्या पंक्तीला बसवितात, अशी त्यांची तक्रार होती. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या अभ्यासात प्रेमकथा वाचणाऱ्या अमेरिकन गृहिणींशी संवाद साधला. त्यांना असे आढळले की कथेच्या आशयाइतकीच वाचनाची कृतीही त्या स्त्रियांना महत्त्वाची वाटत होती, कारण पुस्तक हाती असेपर्यंतचा वेळ घरातील इतर कोणाचा नसे. या दोन्ही विवेचनांतून निघणारा मुद्दा असा की, पलायनाचा विचार कृतीपासून सुरू न करता वाचकाच्या परिस्थितीपासून सुरू करावा लागतो.

३

बीड जिल्ह्यातील परिस्थिती ही अशी आहे. १९७२च्या दुष्काळानंतर येथील कोरडवाहू तालुक्यांतून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर वाढत गेले आणि स्थिरावले. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतली जाते आणि ती पुढील हंगामाच्या श्रमातून फेडली जाते. मजुरीचा हिशेब ज्या एककाने होतो त्याला ‘कोयता’ म्हणतात. कोयता म्हणजे पती आणि पत्नी मिळून होणारी जोडी. या एका शब्दात तरुणपणाचा सारा प्रश्न सामावला आहे. जोडी झाल्याखेरीज पूर्ण कोयता होत नाही, पूर्ण कोयत्याखेरीज पूर्ण उचल मिळत नाही. शिवाय हंगामात मागे राहणाऱ्या मुलीच्या सुरक्षिततेची चिंता असतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीनुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचा विवाह वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. त्याला केवळ ऊसतोड कारणीभूत नसली, तरी ती महत्त्वाचे कारण आहे.

याचा वाङ्मयीन विचाराशी संबंध असा की, बालपण आणि संसार यांमध्ये जो टप्पा आधुनिक समाजाने ‘तारुण्य’ म्हणून मान्य केला, ज्यात शिकावे, भटकावे, प्रेमात पडावे, चुकावे आणि काहीच न करता बसून राहावे, तो टप्पाच येथे फार आखूड आहे, किंवा नाही. आधुनिक कादंबरीने आणि चित्रपटाने मात्र नेमका हाच टप्पा आपला मुख्य विषय केला आहे. म्हणून ऊसतोड कुटुंबातील तरुण प्रेमकथेकडे वळतो तेव्हा त्याला वास्तवाचा विसर हवा असतो एवढे म्हणणे अपुरे आहे. आयुष्याने जो टप्पा त्याला दिलाच नाही, तो त्याला निदान पाहावयाचा असतो. त्याचे आकर्षण नायिकेच्या रूपाला किंवा नायकाच्या पराक्रमाला जेवढे असते, तेवढेच किंबहुना त्याहून अधिक पात्रांच्या रिकामपणाला असते.

४

या रिकामपणाच्या दृष्टीने तीन कृती शेजारी ठेवल्या असता गंभीर आणि रंजनपर यांमधील रूढ सीमारेषा बदलू लागते.

सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ला अनेक पिढ्यांतील महाविद्यालयीन वाचक लाभला, आणि २०१३ मध्ये संजय जाधव यांच्या चित्रपटाने ती कादंबरी न वाचलेल्यांपर्यंतही पोचविली. पुण्यातील महाविद्यालय, कट्टा आणि कट्ट्यावरची मैत्री हे तिचे विश्व आहे. दुःख तेथेही आहे: तुटलेली घरे आहेत, अपुरी प्रेमे आहेत. परंतु कट्ट्यावर बसण्यासाठी लागणारा वेळ कोठून येतो, हा प्रश्न कथानकात कळीचा ठरत नाही. तो वेळ हवेसारखा आपोआप उपलब्ध असतो. या कादंबरीची मोहिनी आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी याच ठिकाणी आहेत. ज्याला तो वेळ कधी मिळाला नाही त्याला ती भुरळ घालते, आणि तो आपल्याला का मिळाला नाही हे ती त्याला सांगत नाही.

‘कोसला’ ही आधुनिक मराठी कादंबरीच्या इतिहासातील मानाची कृती. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर हाही खेड्यातून पुण्याला येतो, वसतिगृहात राहतो, मित्रांत रमतो, परीक्षेत अपयशी ठरतो आणि गावी परततो. विषयवस्तू म्हणून पाहिले तर हेही रिकामपणच आहे. मात्र या रिकामपणामागे वडिलांचा पैसा आहे आणि त्या पैशाचे ओझे पांडुरंगच्या जाणिवेवर सतत आहे. वडिलांशी असलेला त्याचा ताण बऱ्याच अंशी त्यातूनच निर्माण होतो. रिकामपणाचा हिशेब या कादंबरीत असा उघड मांडलेला आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: पांडुरंगला परतण्यासाठी गाव आहे, घर आहे, शेती आहे. त्याच्या निरर्थकतेच्या अनुभवालाही जमिनीचा आधार आहे. ऊसतोड कुटुंबातील वाचकाने ‘कोसला’ वाचली तर त्याला पांडुरंगचा वैताग परका आणि त्याचे वसतिगृह हेवा वाटण्याजोगे वाटण्याचा संभव आहे. अभ्यासक्रमात हा वाचक कधी गृहीत धरला गेला नाही. मराठी साहित्याने ऊसतोड कामगाराला विषय केले. त्याला वाचक म्हणून समीक्षेने पाहिले नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ची रचना या संदर्भात निर्णायक ठरते. करमाळा परिसराच्या भूमीवर पूर्वार्ध घडतो. विहीर, केळीच्या बागा, क्रिकेटचे सामने, महाविद्यालयाचे वर्ग, आणि अजय-अतुल यांची चारही गाणी याच भागात येतात. हलक्याफुलक्या रंजनाचे सगळे संकेत येथे मनापासून, उपरोधाचा स्पर्श न होऊ देता वापरलेले आहेत. पारधी समाजातील मासेमाराच्या मुलाला आणि पाटलाच्या मुलीला काही काळ तारुण्य बहाल केले जाते. त्यानंतर ते हैदराबादला पळून जातात. तेथे झोपडवस्ती आहे, डोशाची गाडी आहे, कारखान्यातील काम आहे. गाणे एकही नाही. प्रत्यक्ष पलायन घडताच पलायनवादी म्हटले जाणारे सर्व घटक चित्रपटातून निघून जातात, ही गोष्ट विलक्षण अर्थपूर्ण आहे. पळून गेल्यावर दोघांना मिळतात ते श्रम, आणि अखेरच्या प्रसंगात तर ध्वनीही काढून घेतला जातो. तारुण्याची किंमत जातीच्या व्यवस्थेत कोणाकडून आणि कशी वसूल केली जाते, हे तेथे दिसते. पूर्वार्धातील आनंद खोटा असता तर उत्तरार्धातील वसुली एवढी असह्य झाली नसती.

म्हणजे रंजनाचे साधन तेच असूनही त्याने काय साधले जाते ते बदलते. रिकामपणाचे दर्शन घडविणे हा दोष नाही. त्याची किंमत कोण मोजतो हे कृती लपविते की दाखविते, हा मूल्यमापनाचा अधिक विश्वासार्ह निकष ठरू शकतो. या निकषावर ‘कोसला’ आणि ‘सैराट’ एका बाजूला येतात आणि ‘दुनियादारी’ दुसऱ्या बाजूला राहते; ‘सैराट’ आणि ‘दुनियादारी’ हे दोन्ही लोकप्रिय चित्रपट होते, याने त्यात फरक पडत नाही.

५

येथे एक आक्षेप संभवतो. कथात्म कृतींपुरते हे ठीक, पण भ्रमणध्वनीवरील क्षणिक करमणुकीला कोणता निकष लावावयाचा? तिच्यात कथानक नाही, पात्राचा विकास नाही, आणि एका फितीनंतर दुसरी समोर आणणारी यंत्रणा प्रेक्षकाचा वेळ त्याच्या हातून काढून घेते. हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. रॅडवे यांच्या वाचक स्त्रिया पुस्तकाच्या आधारे स्वतःचा वेळ राखत होत्या. येथे तो वेळच विक्रीचा माल होतो. अॅडॉर्नो आणि होर्कहायमर यांनी संस्कृतिउद्योगाच्या मीमांसेत फुरसतीलाही श्रमाचाच विस्तार मानले होते. ते निरीक्षण आज अधिक लागू पडते.

तरीही या माध्यमाला बीडच्या संदर्भात दुसरी बाजू आहे. धारूर तालुक्यातील भोगलवाडीचे संतोष मुंडे ‘टिकटॉक’वर आपल्या विनोदी चित्रफितींमुळे महाराष्ट्रभर परिचित झाले. शेतकऱ्याच्या वेशात आणि गावच्या बोलीत ते बोलत. नागर रंगभूमीने आणि चित्रपटाने ज्या बोलीचा उपयोग दीर्घकाळ हसे करण्यासाठी केला, त्या बोलीत बोलणारा माणूस येथे स्वतः हसवीत होता, आणि विनोदाचे सूत्र त्याच्या हाती होते. २०२०च्या जूनमध्ये त्या माध्यमावर बंदी आली. २०२२च्या डिसेंबरात विजेच्या धक्क्याने त्यांचा मृत्यू झाला. ज्या जगापासून प्रेक्षक घटकाभर दूर जात होता, त्याच जगात, त्याच धोक्यांसह, रंजन करणारा राहत होता. अशा निर्मितीला ‘पलायन’ म्हणणे शब्दाचा अर्थच सैल करणे होय.

६

पलायन ही संज्ञा टाकून द्यावी, असे या विवेचनातून सुचवावयाचे नाही. जी कृती वाचकाच्या अभावाचे भांडवल करून त्या अभावाची कारणे झाकते, तिच्याबाबत ही संज्ञा उपयुक्तच आहे; मात्र तेव्हा दोषारोप कृतीवर व्हावा, वाचकावर नव्हे. उचल घेणारा मजूर उधळा असतो असे म्हणणे जितके अपुरे, तितकेच रंजन घेणारा तरुण भित्रा असतो असे म्हणणेही अपुरे आहे. दोन्ही ठिकाणी गरज आधी असते आणि तिचा व्यवहार करणारे नंतर येतात.

या विचाराचा अध्यापनाशीही थेट संबंध आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत ऊसतोड कुटुंबांतून आलेल्या मुलामुलींचाही समावेश असतो. त्यांच्या आवडीला ‘हलकी’ म्हणून बाजूला सारले, तर समीक्षेची परिभाषा त्यांना परीक्षेपुरती पाठ होते आणि स्वतःच्या वाचनाशी तिचा सांधा कधीच जुळत नाही. उलट, त्यांना आवडणाऱ्या कृतीत कोण रिकामा बसला आहे आणि त्याच्या वाट्याचे काम कोण करते आहे, एवढा प्रश्न वर्गात विचारला गेला, तरी आस्वादातून विश्लेषणाकडे जाण्याचा मार्ग खुला होतो. त्या मार्गाने हा विद्यार्थी ‘सैराट’पासून ‘कोसला’पर्यंत जाऊ शकेल, आणि ‘कोसला’ला आजवर न विचारले गेलेले काही प्रश्नही विचारू शकेल.