बदक आणि करंजी

चिनी जेवण म्हणजे भात, ही आपली ठाम समजूत पेइचिंगच्या हॉटेलात पहिल्या घासालाच बुडीत खाती जमा होते. उत्तर चीन हा गव्हाचा मुलूख. ‘मंचूरियन’चं तर नावच काढू नये. मंचुरिया चीनच्या ईशान्येला खरा, पण तो पदार्थ आपल्या मुंबईचा. तिथं मंचूरियन मागितलंत तर एखादा माणूस येईल, प्लेट येणार नाही!

बदकाची कीर्ती मोठी. १८६४ सालापासून चालणारी खानावळ आहे तिथं. फळझाडाच्या लाकडावर भाजलेलं बदक, पातळ पोळी, कांद्याची पात. झकास! पण माझ्या मते बदक हा समारंभ. जेवण म्हणजे जाओझ. उकडलेली तिखटमिठाची करंजीच म्हणा ना! सोबत काळा व्हिनेगर. वर, ज्या पाण्यात ती उकळली तेच पाणी वाडग्यातून पितात. कटाची आमटी भुरकणाऱ्यांनी नाक मुरडू नये.

नववर्षाच्या आदल्या रात्री घरची सगळी मंडळी बसून जाओझ वळतात. म्हणून हॉटेलची परीक्षा बदकावर करू नये. त्याला पगारी आचारी पुरतो. करंजीची कड बघावी. तिथं घर दिसलं, तर खुशाल बसावं.