जागा सोडणारी गाडी

मनालीत जानेवारीतल्या एका सकाळी खिडकी उघडली, तेव्हा रात्रीच्या बर्फाने अंगणातल्या सगळ्या गाड्यांचे आकार गिळून टाकले होते. पांढरे गोलसर उंचवटे नुसते. ओळखू आली ती एकच. जिम्नीचा चौकोनी डबा बर्फाखालीही डबाच राहिला होता. वर गादीसारखा जाड थर, खाली मुकाट उभी.

ही गाडी माझ्या मित्राची, पुण्याहून चालवत आणलेली. पुण्यात असताना मी तिची यथेच्छ टिंगल केली होती. हमरस्त्यावर वाऱ्याने डुलते, मागच्या सीटवर बसलं की प्रत्येक खड्डा कण्यापर्यंत पोचतो, आणि एवढ्या पैशात एवढीच डिकी? तीच गाडी त्या दिवशी मी नव्याने वाचली. काही बंदिशी भर दुपारी ऐकल्या तर सपाट वाटतात आणि त्यांच्या प्रहराला उलगडतात, त्यातलाच हा प्रकार. जिम्नीचा प्रहर म्हणजे बर्फ.

घराणं जुनं आहे. १९७० साली जपानमध्ये पहिली जिम्नी आली ती ३५९ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनावर. आपल्याकडच्या मोटरसायकलीएवढंच इंजिन, पण चारही चाकांना ओढ. आपल्याला हे घराणं १९८५ मध्ये ‘जिप्सी’ या नावाने भेटलं. पोलिसांची जिप्सी, लष्कराची जिप्सी, रॅलीतली जिप्सी. आत्ताची पाच दारांची जिम्नी भारतात २०२३ मध्ये आली. पावणेचार हात उंचीची ही गाडी चार मीटरच्या आत संपते, रुंदी १६४५ मिलिमीटर आणि वजन सुमारे बाराशे किलो. आजच्या एसयूव्हींच्या रांगेत उभी केली तर धाकटं भावंडच वाटेल.

मित्र झाडूने बर्फ उतरवत होता. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आली ती छपराच्या कडेने गेलेली पन्हळ. कोकणातल्या घराला असते तशीच, बोटभर रुंद. दार उघडल्यावर वितळलेलं पाणी थेट सीटवर गळू नये म्हणून ठेवलेली. अशी पन्हळ आता बहुतेक गाड्यांवरून गेली, कारण ती दिसायला जुनाट. बॉनेटही जुन्या वळणाचं, सपाट. चालकाच्या जागेवरून त्याचे दोन्ही कोपरे दिसतात. पुण्यात मला यात निव्वळ जुन्याची हौस दिसली होती. पण जिथे रस्त्याची कडच बर्फाखाली गेली आहे, तिथे स्वतःची कड कुठे संपते हे डोळ्यांना दिसणं केवढं मोलाचं, ते नंतर कळलं.

अंगणातून बाहेर पडतानाच टायरांची गंमत सुरू झाली. जिम्नीचे टायर १९५ मिलिमीटर रुंद, म्हणजे आजच्या मानाने अरुंदच. भुसभुशीत ताज्या बर्फात असा टायर सुरीसारखा खाली उतरतो आणि तळाच्या टणक थराला टेकतो. रुंद टायर मात्र वरच्या वर तरंगायला बघतो. आइसलँडच्या हिमनद्यांवर, जिथे बर्फाला तळच नाही, तिथे तरंगणंच हवं असतं. म्हणून तिथल्या गाड्यांना अजस्र टायर लावून त्यांतली हवा अगदी कमी करतात. मनालीच्या रस्त्यावर बर्फाखाली डांबर आहे. तिथे खाली उतरणारं पाऊल बरं.

आणखी एक मौज बर्फाच्या पोटात आहे. टायरच्या खाचांत बर्फ भरून बसला की आपल्याला वाटतं, संपलं, आता घसरणार. पण दोन मुठींतला बर्फ दाबून गोळा होतो तो कशाने? बर्फाला बर्फ धरतो म्हणूनच. खाचेत दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला चिकटायला बघतो आणि पकड देतो. कडाक्याच्या थंडीत हाच बर्फ चाकाखाली करकरतो, आणि ती करकर ऐकू येते तोवर जिवाला घोर नाही. भीती शून्याच्या आसपासच्या बर्फाची. तो वितळायच्या बेतात असतो, त्याच्यावर पाण्याचा बारीक पापुद्रा धरतो, आणि तेव्हा चाकांचा आवाज अचानक बंद होतो. बर्फातला चालक आधी कानाने गाडी चालवतो.

आमच्या टायरांचं एक उणं होतं. ते मैदानी हवेचे. साधारण सात अंशांच्या खाली असं रबर कडक होऊ लागतं. युरोप-जपानमध्ये हिवाळ्यासाठी मऊ रबराचे, बारीक चिरा असलेले वेगळे टायर असतात, तसे आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून मनालीत साखळ्यांचा धंदा चालतो. आम्हीही साखळी घेऊन ठेवली होती. हॉटेलवर एक वयस्क टॅक्सीवाले चहा पीत उभे होते. मित्राने त्यांना विचारलं, “भाईजी, और कुछ ध्यान रखना है?” ते गाडीकडे बघून म्हणाले, “गाडी ठीक है. बस, ब्रेक भूल जाओ. गियर याद रखो.”

सगळं रसग्रहण त्यांनी दोन वाक्यांत उरकलं होतं. आम्हाला ते कळायला दिवस जावा लागला.

गिअरच्या शेजारी जिम्नीला एक छोटा दांडा आहे. बटण नव्हे, दांडा. आधीच्या पिढीत त्याच्या जागी बटणं आली होती. या पिढीत दांडा परतला. मागच्या दोन चाकांना ओढ, चारही चाकांना ओढ, आणि चारही चाकांना सावकाश, दुप्पट जोराची ओढ, असे त्याचे तीन मुक्काम. सोलंगकडे चढ लागला तसा मित्राने दांडा दुसऱ्या मुक्कामावर ओढला. काय बदललं? आवाजात काहीच नाही. बुडाखाली मात्र बदल कळला. आतापर्यंत गाडी मागून ढकलली जात होती, माजघरात कुणी पाट सरकवावा तशी. आता ती चार पायांनी चालू लागली.

हिशेब सोपा आहे. दाबून बसलेल्या बर्फावर चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी पकड मिळते. गाडीचा निम्मा भार मागच्या चाकांवर असेल आणि तीच दोन ओढत असतील, तर दहा फुटांत एक फूट चढ म्हणजे शिकस्त. चारही चाकं ओढू लागली की पाच फुटांत एक फूट. चार चाकांची सगळी थोरवी या दुपटीत आहे. एखादं चाक नुसतंच गरगरू लागलं तर गाडी त्याला स्वतःहून ब्रेक लावते आणि ओढ पलीकडच्या चाकाकडे वळवते. त्या क्षणी खालून खर्रर्र असा आवाज येतो, गाडी क्षणभर अडखळते, मग निघते.

धुंदीपाशी अटल बोगदा लागला. ९.०२ किलोमीटर, आत कोरडा रस्ता. मित्राने लगेच दांडा पुन्हा पहिल्या मुक्कामावर ढकलला. जिम्नीत चारही चाकं जोडली की पुढची आणि मागची जोडी एकमेकींना बांधली जाते. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घ्यावा लागतो. बर्फावर हा फरक घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर तो जात नाही आणि गाडी आतून आवळली जाते. म्हणजे ही ओढ निसरड्यावरच वापरायची. बोगद्याच्या पलीकडे उजेड दिसला, दांडा पुन्हा मागे. इतका सावध, इतका हातचा कारभार आता किती गाड्यांत उरला आहे? स्वयंचलित यंत्रणा हे सगळं तुमच्या नकळत करते. इथे रस्ता ओला की कोरडा हे तुम्हालाच वाचावं लागतं, आणि ते वाचण्यातच चालकाचा कान तयार होतो.

आता उलटी बाजू. चार चाकांची ओढ निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ताशी ४० किलोमीटरवरून कोरड्या डांबरावर गाडी नऊ-दहा मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला तीस मीटर लागतात, आणि काचेसारख्या बर्फावर साठाच्या वर. वजन कमी म्हणून जिम्नी लवकर थांबेल, हाही भ्रम. भार कमी, तर पकडही त्याच प्रमाणात कमी. डौलाने चढ चढून गेलेल्याला नेमका याच गोष्टीचा विसर पडतो. चढ गाडीचा, उतार चालकाचा.

मग लहानपणाचा उपयोग काय? त्याचं उत्तर बोगद्यापलीकडच्या सिस्सूकडे जाताना मिळालं. बर्फ काढणाऱ्या यंत्राने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छातीएवढ्या भिंती उभ्या केल्या होत्या. मधली वाट असेल पाचेक मीटर. सावलीतलं वळण, आणि समोरून बस. मित्राचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. पेडल पायाखाली थडथडलं, चाकांची करकर थांबली, आणि गाडी स्टेअरिंगला न जुमानता बसच्या बाजूला सरकू लागली. मित्राने पाय उचलला, गिअर खाली घेतला. चारही चाकं बांधलेली होती, त्यामुळे इंजिनाचा अडसर चारही चाकांवर सारखा पडला. करकर परत आली. गाडीने तोंड सरळ केलं आणि बस बाजूने निघून गेली. आमच्या आरशात आणि तिच्या पत्र्यात वीतभर अंतर राहिलं असेल.

रात्री मी हिशेब मांडला. पाच मीटरची वाट, अडीच मीटरची बस. उरले अडीच. त्यातून जिम्नी वजा केली तर पाऊण मीटरच्या वर जागा सुटते. तिच्या जागी हॉटेलच्या अंगणातली कुठलीही मोठी एसयूव्ही असती, तर त्यातली जवळपास फूटभर जागा गेली असती. आणि आम्ही सरकलो होतो साधारण फूटभरच.

गवई गाताना जागा घेतो, आणि आपण दाद देतो. या गाडीची दाद निराळ्या गोष्टीसाठी आहे. ती जागा सोडते. समोरच्यासाठी, बर्फाच्या लहरीसाठी, आणि आपल्या पायाच्या जुन्या सवयीसाठीही. सकाळी निघताना भाईजी पुन्हा चहाला उभे होते. “भूल गए ब्रेक?” त्यांनी हसत विचारलं. मित्र म्हणाला, “एक बार याद आया था.”