संधिपाद प्राणी आणि आमची शास्त्रीय मराठी

औरंगपुऱ्यांतील पुस्तकांच्या दुकानांत प्राणिशास्त्रावरील सोपीं मराठी पुस्तकें चाळण्याचा आम्हांस जुना छंद आहे. त्यांतील संधिपाद प्राण्यांच्या प्रकरणाविषयीं चार शब्द लिहिणें प्राप्त आहे. कारण ज्ञात प्राणिजातींपैकीं सुमारें चारपंचमांश ज्या संघांत मोडतात, त्याची ओळख बहुधा एका कोष्टकांत उरकलेली असते.

कोष्टक खोटें नसतें. सांधेदार पाय, खंडयुक्त शरीर, कायटिनाचें बाह्य कवच आणि वाढीसाठीं तें वेळोवेळीं टाकून देणें, हीं लक्षणें त्यांत असतात. कीटकांस सहा पाय. विंचू, कोळी, गोचीड यांस आठ. खेकडा व कोळंबी यांस स्पर्शिकांच्या दोन जोड्या. घोणीस दर खंडाला पायांची एक जोडी, तर वाणीस बहुतेक खंडांना दोन. परंतु हे भेद कशासाठीं ध्यानांत ठेवावयाचे, तें कोठेंच येत नाहीं. घोण विषारी नख्यांनीं शिकार करते. वाणी मुख्यतः कुजका पालापाचोळा खाऊन राहतात. दोहोंस 'बहुपाद' म्हणून पुढें गेलें, कीं विद्यार्थी पाय मोजतो व प्राणी विसरतो.

हा केवळ परीक्षेपुरता प्रश्न नव्हे. कापूस व मोसंबी पिकविणाऱ्या घरांतील मुलें आमच्या वर्गांत बसतात. पिकावरील लाल कोळी आठ पायांचा. कित्येक कीटकनाशकें त्याला मारीत नाहींत, त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांस मात्र मारतात, आणि फवारणीनंतर कोळी अधिकच फोफावतो. २०२२ च्या पावसाळ्यांत लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनीं सोयाबीनचीं कोवळीं रोपें फस्त केलीं. गोगलगाय तर संधिपादही नव्हे, ती मृदुकाय. तिला हातानें वेंचावें लागतें, किंवा तिच्यासाठींच असलेलें आमिष टाकावें लागतें. बोलण्यांत मात्र दोन्ही 'कीड'च. हा शब्द टाकावा असें आम्ही म्हणत नाहीं. तो नुकसानीचा शब्द आहे, कुळाचा नव्हे, एवढें एक वाक्य तरी पुस्तकांनीं द्यावें.

दुसरी उणीव जुनेपणाची. चार वर्ग म्हणजे चार बंद पेट्या, असें चित्र अजून छापलें जातें. वस्तुतः गेल्या कांहीं दशकांतील आनुवंशिक अभ्यासावरून कीटक हे कवचधारी प्राण्यांच्याच कुळांतून निघाले असें दिसून आलें आहे. कोळंबी ही विंचवापेक्षां नाकतोड्याची जवळची नातलग ठरते! असली गोष्ट वाचून कोणतें मूल पान उलटणार नाहीं?

गोठ्यांत राबणारी बाई गोचीड व पिसू यांत कधीं घोटाळा करीत नाहीं. एक चिकटून राहते, दुसरी उडी मारते, हें तिला ठाऊक असतें. पुस्तकांनीं तेथूनच आरंभ करावा व मग आठ आणि सहा पायांकडे यावें. पारिभाषिक शब्दांना आमचा विरोध नाहीं. ते घरच्या शब्दांच्या मागून यावेत, इतकेंच आमचें मागणें आहे.