भुताला संस्कारवर्गात कुणी बसवलं?

अलीकडच्या मराठी बालचित्रपुस्तकांतली भुतं फारच गुणी झाली आहेत. ती दात घासतात, पालेभाज्या खातात, झाडं लावतात आणि शेवटच्या पानावर मुलांची माफी मागून मोकळी होतात. कागद गुळगुळीत, भूत गुबगुबीत आणि यमक ओढूनताणून जुळवलेलं. अशा भुताला लेकरू भीत नाही आणि हसतही नाही. मग ते पुस्तक छापलं तरी कशाला?

विंदा करंदीकरांनी 1981 मध्ये ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ हे बालकवितांचं पुस्तक दिलं, तेव्हाच मुलांसाठीच्या भूतकवितेचं मोजमाप ठरून गेलं होतं. विंदांनी 1965 मध्ये गटेचा ‘फाउस्ट’ मराठीत आणला होता. त्यातल्या सैतानाला, मेफिस्टोफिलीसला, मराठी बोलायला लावणाऱ्या या कवीने मुलांच्या भुतांसाठीही तितकीच कसून कारागिरी केली. भयाच्या कवितेत लय लंगडून चालत नाही. पुढे काय येणार हे ठाऊक नसलं की मूल घाबरतं, आणि यमक तर त्याला पुढच्या शब्दाची आधीच चाहूल देत असतं. ओळ ‘अंधारात’पाशी थांबली की ऐकणाऱ्याच्या ओठावर जुळणारा शब्द तयार होतो. तोच आला तर टाळी, भलताच आला तर हसू. घाबरणं आणि ओळखणं असं एका दमात घडतं. एक मात्रा घसरली की भीतीही गेली आणि गंमतही.

चित्रपुस्तकात यमकाच्या या चाहुलीला पान उलटण्याची जोड मिळते. ज्युलिया डोनाल्डसन आणि चित्रकार ॲक्सेल शेफलर यांच्या ‘ग्रफॅलो’त (1999) उंदीर जीव वाचवायला थापा मारून एक राक्षस रचतो आणि पान उलटताच तोच राक्षस समोर येऊन उभा राहतो. आपल्याकडे अख्खी कविता एका पानावर आणि शेजारी चित्र. भूत कवितेच्या आधीच दिसून जातं. कडवं मधोमध तोडून अर्धं पुढच्या पानावर ढकलायला जादा खर्च येत नाही, संपादक जागा असावा लागतो.

 

खरा माल आमच्या परभणीच्या शिवारात पडून आहे. कवी इंद्रजित भालेरावांनी इथलं रान आणि इथली बोली मुलांच्या कवितेत आणली, पण विहिरीतल्या आसरा, पिंपळावरचा मुंजा आणि वाट चुकवणारा चकवा अजून चित्रपुस्तकाची वाट पाहत आहेत. चकव्याचंच बघा. पिकाच्या जागलीला निघालेला गडी रात्रभर चालतो आणि उजाडताना शेतातल्या आपल्याच आखाड्यापाशी येऊन पोचतो. प्रत्येक पानावर तोच बांध, तीच बाभूळ, तेच धृपद. गडी मात्र पानागणिक जास्त घामाघूम. लेकराला बाभूळ तिसऱ्या पानावरच ओळखू येते, गड्याला शेवटपर्यंत येत नाही. हसू आणि भय दोन्ही इथेच आहे.

असं काही सुचवलं की शिक्षक आणि पुस्तकखरेदी समित्यांवरची मंडळी कपाळाला आठ्या घालतात: ही तर अंधश्रद्धा! हे आम्हाला सांगू नये. 1972 ते 1974 दरम्यान याच जिल्ह्यातल्या मानवतमध्ये मुली-बायकांचे खून पडले. गुप्तधनासाठी मुंजाला बळी दिल्याचा तो खटला देशभर गाजला आणि त्यावरून अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ हा चित्रपट आला, तोही ‘पिशीमावशी’च्याच वर्षी, 1981 मध्ये. भूत ज्यांनी गंभीरपणे घेतलं, त्यांच्या दारात माणसं मेली. मुंजाच्या फजितीवर हसून लोळलेलं पोर मोठेपणी मांत्रिकापुढे मान तुकवील, असं ज्यांना वाटतं त्यांनी पोरं पाहिलेलीच नाहीत. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा भुताच्या नावाने भीती घालणाऱ्याला पकडतो. भुताची टर उडवणाऱ्याला नव्हे.

भूत नाकारून भीती जात नाही. पुस्तकातून हाकललेलं भूत भोंदूबाबाकडे कामाला लागतं, आणि तिथे त्याला हसायची कुणाची छाती होत नाही. म्हणून समित्यांनी भुताची पुस्तकं नाकारणं थांबवावं, प्रकाशकांनी मात्रा मोजता येणारा कवी शोधावा आणि कवींनी भुताला शहाणं करण्याचा उद्योग सोडावा. भूत आधी नीट घाबरवणारं हवं. त्याशिवाय त्याची फजिती करण्यात मौज ती काय?