वाचेच्या प्रेरक दोषांची परीक्षा आणि मुलाची बोली

मुलाचे उच्चार अस्पष्ट आहेत, एवढ्याच निरीक्षणावरून त्याच्या वाचेत प्रेरक दोष आहे असे अनुमान काढता येत नाही. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांचे नियमन करणाऱ्या मज्जासंस्थेतील बिघाडामुळे स्नायू दुबळे, ताठर किंवा असंयत झाले असता जो दोष उत्पन्न होतो, त्यास डिसार्थ्रिया म्हणतात. मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांत तो पुष्कळदा आढळतो. स्नायूंत पुरेसे बळ असूनही उच्चाराला लागणाऱ्या हालचालींची योजना व क्रम साधत नाही, तेव्हा त्या अवस्थेस ॲप्रॅक्सिया हे नाव आहे. या दोहोंखेरीज भाषेची वर्णव्यवस्था अद्याप पुरती आत्मसात न झालेले मूल असते. आणि ज्याच्या घरची बोलीच पाठ्यपुस्तकाच्या भाषेहून निराळी आहे, असेही मूल असते. या चौघांना एकमेकांपासून वेगळे ओळखता येणे ही परीक्षापद्धतीची खरी कसोटी होय. इंग्रजीतून शब्दशः उतरवलेल्या चाचण्या मराठी मुलांच्या बाबतीत या कसोटीस उतरत नाहीत, हे येथे दाखवावयाचे आहे.

या क्षेत्रातील पायाभूत वर्गीकरण अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फ्रेडरिक डार्ली, आर्नल्ड ॲरन्सन व जो ब्राऊन यांनी 1969 साली मांडले व 1975 च्या ग्रंथात विस्तारले. त्याचा आधार मुख्यतः इंग्रजी बोलणारे प्रौढ रुग्ण हा होता. बालवयातील ॲप्रॅक्सियासंबंधी अमेरिकन वाचा-भाषा-श्रवण संघटनेने 2007 साली तीन लक्षणे पुढे ठेवली: तोच शब्द पुन्हा उच्चारताना चुका बदलत राहणे, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना खंड पडणे वा विलंब होणे, आणि आघात व लय यांत विसंगती येणे. ही लक्षणे विचारपूर्वक मांडलेली आहेत. तथापि ती ज्या सामग्रीतून तपासावयाची, ती सामग्री भाषेगणिक निराळी असली पाहिजे, याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. जिभेची व ओठांची चपलता पाहण्यासाठी तीन अक्षरांची साखळी मुलाकडून वेगाने म्हणवून घेतात. ओष्ठ्य, जिभेच्या शेंड्याचा व कंठ्य असे तीन स्पर्शवर्ण तीत क्रमाने येतात. इंग्रजीतील मधला वर्ण दंतमूलीय आहे. मराठी कानाला तो 'ट' वाटतो, म्हणून ही साखळी देवनागरीत 'पटाका' अशी लिहिली जाते. पण 'ट' उच्चारताना जिभेचा शेंडा मागे वळतो, 'त' उच्चारताना तो दातांना टेकतो. म्हणजे लिपी बदलताना कृतीच बदलली. शिवाय 'पटाका' ऐकताच मराठी मुलाला 'फटाका' आठवावा, हे स्वाभाविक आहे. त्याने 'फटाका' म्हटले, तर महाप्राणाचा संयम सुटला, की निरर्थक ध्वनिमालेच्या जागी ओळखीचा शब्द आला, हे परीक्षकास सांगता येणार नाही. इंग्रजीत शब्दारंभीचा 'प' किंचित महाप्राणित झाला तरी अर्थ बदलत नाही; मराठीत 'पळ' आणि 'फळ' हे भिन्न शब्द आहेत. 'पतक' ही साखळी स्वीकारली, तर निदान यांतील दोन अडचणी टळतात.

आघाताचीही तीच गत आहे. इंग्रजीत आघाताच्या स्थानावरून शब्दांचा अर्थभेद होऊ शकतो. मराठीत तसा होत नाही. तेव्हा शब्दांतर्गत आघाताऐवजी वाक्यातील चढउतार, विरामांची स्थाने व अक्षरांचा कालावधी पाहणेच श्रेयस्कर. शब्दांच्या लांबीचा प्रश्न याहून नाजूक आहे. चाचणीत एकाक्षरी शब्दांकडून अनेकाक्षरी शब्दांकडे जावयाचे असते. मराठीत 'होडी', 'होडीत', 'होडीतला', 'होडीतल्यांना' असे शब्द प्रत्ययांनी वाढतात. त्यामुळे हालचालींचा भार आणि व्याकरणाचा भार एकदमच वाढतो. तुर्की भाषेत हे अधिक ठळकपणे दिसते. तेथे 'एव' म्हणजे घर, 'एव्लेर' म्हणजे घरे, 'एव्लेरिमिझ्दे' म्हणजे आमच्या घरांत; पण 'ओकुल' म्हणजे शाळा या शब्दाचे अनेकवचन 'ओकुल्लार' होते, कारण प्रत्ययाचा स्वर मूळ शब्दाच्या स्वराशी जुळवून घेतो. तुर्की मुलाने प्रत्ययाचा स्वर चुकवला, तर तो नियम चुकला की जीभ चुकली, हे त्या भाषेच्या रचनेचे ज्ञान असल्याशिवाय ठरत नाही. मराठीतही लांब शब्द निवडताना सप्रत्यय रूपांबरोबर तेवढ्याच लांबीचे प्रत्ययरहित शब्द ठेवले, तरच हे दोन भार वेगळे करता येतील.

आता बोलीचा प्रश्न. वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या समोर वसलेल्या अंजनवेलसारख्या गावाचा विचार केला, तर 'मराठी मूल' ही संज्ञा किती ढोबळ आहे ते ध्यानात येते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या 1905 साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कोकणपट्टीतील संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी, दालदी इत्यादी बोलींची नोंद आहे, अ. मा. घाटगे यांनी 1960 च्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची स्वतंत्र ग्रंथमालाच हाती घेतली. संगमेश्वरी बोलीत 'पाणी'चे 'पानी' होते, 'विचार'चा 'इचार' होतो. प्रमाण भाषेतील चित्रशब्दांची यादी पुढे ठेवून गुण देणारा परीक्षक 'पानी' हा उच्चार चूक म्हणून नोंदवील. पण तो उच्चार नियमबद्ध आहे. मुलाची आई व आजीही तोच करतात. दोष मुलाच्या जिभेत नसून यादीत आहे.

याच्या उलट होणारी चूक अधिक घातक आहे, कारण ती सहानुभूतीच्या रूपाने येते. 'त्यांची बोलीच तशी' असे म्हणून खरा दोष नजरेआड केला जातो. येथे केवळ नियमितपणाचा निकष पुरा पडत नाही. बोलीतील बदल नियमित असतो, तसाच डिसार्थ्रियातील विकृत उच्चारही पुष्कळदा एकसारखाच राहतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांचे व समवयस्क भावंडांचे बोलणे ऐकून त्याशी तुलना केली पाहिजे. त्याचबरोबर लाळ गळणे, चावण्या-गिळण्यातील अडचण, आवाजाचा घोगरेपणा किंवा अनुनासिकता, वाक्य संपण्यापूर्वी श्वास संपणे यांचीही नोंद घेतली पाहिजे. यांतील बहुतेक लक्षणे बोलीमुळे घडत नाहीत.

एडिथ स्ट्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली ज्या चाचणीची विश्वासार्हता व प्रामाण्य यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ती या दृष्टीने उद्बोधक आहे. तीत मूल परीक्षकाच्या मुखाकडे पाहून अनुकरण करते. चुकल्यास गती मंद करून, बरोबरीने म्हणून त्यास साहाय्य दिले जाते, आणि त्या साहाय्याने काय बदलले याचेही मोजमाप होते. सवयीपेक्षा क्षमता पाहणारी ही रीत बोलीभाषी मुलास न्याय देणारी आहे: साहाय्य मिळताच ज्याच्या मुखातून 'ण' स्पष्ट उमटतो, त्याच्या जिभेला ती हालचाल शक्य आहे हे सिद्ध झाले. मात्र तिचीही मर्यादा आहे. 'ण' न उमटल्यास तो प्रेरक दोषच, असा उलटा निष्कर्ष निघत नाही. जो वर्ण घरी कधी कानी पडला नाही, तो एका बैठकीत न येणे नवलाचे नाही. म्हणून अनुकरणासाठी द्यावयाचे शब्द आधी घरच्या उच्चारात घ्यावेत व प्रमाण रूपे नंतर.

हा वाद केवळ शास्त्रीय नाही. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार आरोग्यपथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. तपासावयाच्या अवस्थांत भाषाविकासातील विलंबाचा समावेश आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा यांच्या विकलांगतेस स्थान मिळाले, परंतु तिचे कारण शारीरिक किंवा मज्जासंस्थेचे असावे अशी अट आहे. अर्थात निदानातील एका शब्दावर मुलाचा उपचार, त्याचे प्रमाणपत्र आणि शाळेतील त्याचे स्थान अवलंबून राहते. निरोगी मुलावर दोषाचा शिक्का बसणे जितके अन्यायाचे, तितकेच दोषी स्नायूंशी झुंजणाऱ्या मुलाला 'गावंढळ' म्हणून सोडून देणेही अन्यायाचे आहे.

तेव्हा पहिले काम नवी चाचणी रचण्याचे नसून बोलीवार उच्चारांची नोंद करण्याचे आहे: कोणत्या बोलीत कोणत्या वयाचे निरोगी मूल कोणते वर्ण कसे उच्चारते, याची. हे काम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणि वाचोपचाराच्या विद्यार्थ्याने एकत्र बसून करावयाचे आहे. बोलींचे वर्णन करणाऱ्यांनी आजवर प्रामुख्याने प्रौढांचे बोलणे टिपले, आणि मुलांची वाचा तपासणाऱ्यांनी प्रमाण भाषा गृहीत धरली. या दोन विद्यांमधील रिकाम्या जागेत खाडीकाठचे ते मूल उभे आहे. त्याचे बोलणे प्रथम त्याच्याच बोलीच्या मापाने मोजले, तरच त्यानंतर केलेले निदान विश्वासार्ह ठरेल.