मुळाहून मोठें भाष्य
टीका मुळाहून सरस ठरावी, असे प्रसंग वाङ्मयांत विरळच. लेडी एडा लव्हलेस यांच्या १८४३ सालच्या टीपा आम्ही त्यांतच गणतों. चार्ल्स बॅबेज यांनीं योजिलेल्या ‘अ‍ॅनॅलिटिकल एंजिन’ ह्या गणकयंत्रावर मेनाब्रिया नामक इटालियन गृहस्थांनीं फ्रेंच भाषेंत निबंध लिहिला होता. त्याचें इंग्रजी भाषांतर करितांना बाईंनीं सात टीपा जोडल्या. त्या मुळाच्या जवळजवळ तिप्पट भरल्या.

बायरन कवीची कन्या आणि यंत्रासाठीं पहिली आज्ञावलि लिहिणारी, असा बाईंचा दुहेरी गौरव होतो. पहिला केवळ जन्माचा योगायोग होय. दुसऱ्याविषयीं सावध असावें. कारण बर्नूली संख्यांच्या टीपेचें बीजगणित आपण करून दिलें, परंतु त्यांतील आपली गंभीर चूक बाईंनीं पकडली, असें बॅबेज यांनींच १८६४ सालच्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे.

आमच्या मतें खरें श्रेय निराळेंच आहे. यंत्र नुसते आंकडेच नव्हे, तर चिन्हेंहि हाताळील. स्वरांचे परस्परसंबंध त्याच्या नियमांत बसवितां आले, तर तें संगीतहि रचील, हें बाईंनीं जाणलें. तें यंत्र कधीं पुरें झालें नाहीं. त्याचें भाष्य मात्र, आजच्या गणकयंत्रांसहि लागू पडावें, इतकें पुरें उतरलें.